पंचांच्या कागदावर आपली निशाणी

आम्ही चेण्याहून बोलतोय. बांधाचं, पाण्याचं, वाटेचं भांडण आमच्याकडे होतं, तसं तुमच्याकडेही होतच असेल. मग कुणीतरी म्हातारं माणूस म्हणतं, "पूर्वी बरं होतं, चार शहाणे बसले की मिटायचं." ते कसं मिटायचं, हे आज बघू.

शिवकाळात आणि पेशवाईत गावचा वाद गोतसभेपुढे यायचा. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारगावचे जाणते एकत्र बसायचे. पंच सांगतील ते मान्य, असं दोन्ही बाजूंकडून आधीच लिहून घ्यायचे. मग साक्षी व्हायच्या. निवाड्याचा जो कागद व्हायचा त्याला महजर म्हणत. लिहिता न येणारा आपली निशाणी करी, पाटलाची निशाणी नांगर. हरलेला माणूस हार लिहून देई, ते येजितखत. म्हणजे तोंडी कारभार नव्हता, सगळं कागदावर होतं. पेशवाई बुडाल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टननेही, पंचायत हेच इथलं न्यायाचं मोठं साधन आहे, असं नोंदवलं.

पण सगळंच गोड नव्हतं. साक्षीपुराव्याने भागलं नाही तर दिव्य करायला लावत, उकळत्या तेलातून हाताने धातूचा तुकडा काढायचा! वतनासाठी बाई दाद मागायला यायची, पण पंच म्हणून बसायचे ते पुरुष. आणि जातपंचायतींनी किती घरं वाळीत टाकली! ते थांबवायला महाराष्ट्राला 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला.

आफ्रिकेतल्या रवांडा देशातही अशीच जुनी रीत होती, गचाचा. नावातच गवत आहे, कारण गाव गवतावर बसून भांडण मिटवायचं. तिथेही पूर्वी बायका न्याय द्यायला बसत नसत. 1994 मध्ये तिथे लाखो माणसं मारली गेली. नेहमीच्या कोर्टांना एवढे खटले पेलेनात. तेव्हा सरकारने हीच रीत नव्या कायद्यात बसवली आणि 2012 पर्यंत गावोगावी खटले चालवले. या वेळी न्याय द्यायला बायकाही बसल्या. त्या न्यायातही चुका झाल्या, पण जुनी रीत बदलता येते हे दिसलं.

आपल्याकडे 2007 मध्ये तंटामुक्त गाव मोहीम आली, ती ग्रामसभेतून चालते. आमचं चेणे महापालिकेत, इथे ग्रामसभा नाही. पण लोकअदालत सगळ्यांना आहे. तिथे कोर्ट फी नाही, आणि 1987 च्या कायद्याने बाईला वकील मोफत मिळतो, मग तिची कमाई कितीही असो.

म्हणून आम्ही म्हणतो, पाण्याचा, बांधाचा वाद बसून मिटवावा, दोघींचं ऐकावं, ठरलं ते लिहावं. पण मारहाण झाली असेल तर "मिटवून घे" म्हणू नये. तिथे पोलीस आणि कायदाच हवा. आणि तुमच्या गावात समिती बसणार असेल, तर फक्त चहा द्यायला जाऊ नका. सतरंजीवर बसा, आणि कागदावर सही करा.