सरमेची फिर्याद आणि मांडव्याची मर्यादा

प्राणिमात्रांवर दया करावी हे मुलांना सांगण्यासाठी आपल्याकडे कथांची वाण कधीच नव्हती. ससाण्याच्या तावडीतून कबुतर सोडविण्यासाठी स्वतःच्या देहाचे मांस कापून देणारा शिबी राजा, तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात कावडीतली गंगा घालणारे एकनाथ महाराज आणि सोबतच्या कुत्र्याला टाकून स्वर्गात जाण्यास नकार देणारा युधिष्ठिर या तीन कथा मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांनी ऐकलेल्या असतात. ताहाराबादच्या महिपतींनी ‘भक्तविजय’ (१७६२) आणि ‘भक्तलीलामृत’ (१७७४) हे ग्रंथ रचले. तेव्हापासून संतांची चरित्रे घरोघरी वाचली गेली आणि मराठी माणूस परप्रांतात गेला तेव्हा त्याच्या सामानाबरोबर तीही गेली.

या तीन कथांपैकी शिबी आणि युधिष्ठिर यांच्या कथांचा शेवट एकाच वळणाचा आहे. कबुतर अग्नी निघतो, ससाणा इंद्र निघतो आणि कुत्रा प्रत्यक्ष धर्म असतो. प्रौढ वाचकाला त्यात अर्थाची खोली दिसते. दहा वर्षांचे मूल मात्र निराळा हिशेब करते. दारातले कुत्रे कदाचित देव असेल, म्हणून त्याला धोंडा मारायचा नाही. मग ते देव नसेल तर? वर्गात हा प्रश्न येतो आणि तो रास्त आहे.

त्याचे उत्तर महाभारतातच, आदिपर्वाच्या तिसऱ्या अध्यायात मिळते. कुरुक्षेत्रावर जनमेजय राजा आपल्या तीन भावांसह दीर्घ सत्र करीत होता. तेथे एक कुत्रा आला. श्रुतसेन, उग्रसेन आणि भीमसेन या राजबंधूंनी त्याला बडविले. तो रडत आईकडे गेला. त्याची आई म्हणजे देवांची कुत्री सरमा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात पणींशी संवाद करणारी ती हीच. (संस्कृतात कुत्र्याला ‘सारमेय’ म्हणतात ते हिच्याच नावावरून.) ‘कोणी मारले?’ असे तिने विचारले, आणि नाव कळल्यावर कोणतीही शहाणी आई म्हणेल तेच ती म्हणाली, तूच काहीतरी आगळीक केली असशील. मुलाने सांगितले की मी काही केले नाही. हविर्द्रव्याकडे पाहिले नाही, ते चाटले नाही. तेव्हा सरमा सत्राच्या ठिकाणी गेली आणि निरपराध्याला का मारले असा सरळ सवाल तिने केला. राजबंधूंपाशी उत्तर नव्हते. मग तिने शाप दिला की तुमच्यावर न दिसणारे संकट येईल. राजा घाबरला.

येथे कोणी वेषांतर केलेले नाही. मार खाणारा कुत्रा शेवटपर्यंत कुत्राच राहतो. त्याच्या वतीने कोणी दयेची याचनाही करीत नाही. फिर्याद दाखल होते, तीही आधी फिर्यादीची उलटतपासणी होऊन. मला ही कथा शिबीच्या कथेहून अधिक मोलाची वाटते.

पुढचा भाग गमतीचा आहे. शापाच्या निवारणासाठी जनमेजयाने जो पुरोहित शोधला, तो सोमश्रवा सर्पिणीच्या पोटी जन्मलेला होता. आणि हाच राजा पुढे पित्याच्या मृत्यूचा सूड म्हणून सर्पसत्र मांडून सापांच्या अवघ्या कुळाची आहुती देऊ लागला. ते थांबविले आस्तिकाने. तो नागकन्येचा पुत्र आणि वयाने अगदी लहान. नागपंचमीच्या सुमारास मुलांना हाच भाग सांगावा. वाटी भरून दूध ठेवण्यापेक्षा तो उपयोगी आहे. दूध हे सापाचे अन्नच नव्हे.

याच पर्वात मांडव्य ऋषींची कथा आहे आणि शाळेच्या दृष्टीने ती सर्वांत अवघड आहे. मौन धरून तप करणाऱ्या या ऋषींच्या आश्रमात चोरांनी ऐवज लपविला. ऋषींनाच चोर समजून राजाने त्यांना सुळावर चढविले. ते वाचले, पण सुळाचे टोक शरीरातच राहिले. कोणत्या पापाचे हे फळ, असे त्यांनी धर्माला विचारले. उत्तर मिळाले, तू बालपणी किड्यांना गवताची काडी टोचली होतीस. मांडव्य संतापले. इतक्या लहान अपराधाला इतका दंड? त्यांनी धर्माला मनुष्यजन्माचा शाप दिला, तोच विदुर झाला. शिवाय त्यांनी मर्यादा घालून दिली की चौदा वर्षांपर्यंतच्या कृत्याचे पाप लागणार नाही.

या वादात दोन्ही पक्षांना बाजू आहे. किड्याची वेदना कुठेतरी नोंदली जाते, हे धर्म सांगतो. मुलाचे वय पाहिल्याशिवाय निवाडा करू नये, हे मांडव्य सांगतात. किड्याला काय कळते, असे मात्र दोघांपैकी कोणीच म्हणत नाही. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा हीच वर्षे सक्तीच्या शिक्षणाची ठरविली, हा निव्वळ योगायोग. पण शिक्षकाने तो ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ज्या वयात पाप लागत नाही, नेमक्या त्याच वयात मूल आमच्या ताब्यात असते.

मराठीत आदिपर्व आणले ते एकनाथांचे नातू मुक्तेश्वर यांनी. पुण्याच्या भांडारकर संस्थेने त्याची चिकित्सक आवृत्ती १९३३ मध्ये पूर्ण केली. विष्णु सीताराम सुकथनकर तिचे संपादक होते. संपूर्ण महाभारताचे काम १९६६ पर्यंत चालले. दरम्यान १९६० मध्ये प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा संसदेने केला. त्यासाठी नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत आधी खासगी विधेयक मांडले होते. १९७६ च्या घटनादुरुस्तीने प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरले. फिर्याद करायला आता सरमेची वाट पाहावी लागत नाही.

आमच्या पाचवीच्या वर्गात ही कथा सांगताना सरमेच्या प्रश्नापाशी थांबण्याचा प्रघात आहे. शाप नंतर येतो. आधी, राजबंधूंनी काय उत्तर द्यायला हवे होते, ते मुलांनी वहीत लिहायचे असते. बहुतेक मुले क्षमा मागायला हवी होती असे लिहितात. ती सरमेची मागायची की मार खाल्लेल्या मुलाची, यावर दरवर्षी वर्गात दोन तट पडतात.