धूळपाटी आणि चिंचोके : घरांतील बालशिक्षणाचा एक अलिखित अध्याय

आपल्याकडील शिक्षणाचा इतिहास बहुतेक शाळांचा इतिहास म्हणूनच लिहिला गेला आहे. याचें कारण उघड आहे. शाळेमागें कागद राहतो. घरामागें राहत नाहीं. इंग्रजी अंमलाच्या आरंभीं, १८२० ते १८३० या दशकांत, मुंबई इलाख्यांतील देशी शाळांची चौकशी झाली. तिचे कागद परुळेकरांनीं संपादून १९४५ सालीं प्रसिद्ध केले. शाळांच्या अभ्यासकास त्यांचा मोठा आधार आहे. परंतु मूल पंतोजीपुढें जाऊन बसण्यापूर्वीं घरीं काय शिकलें होतें, हें शोधावयाचें असल्यास अशा दप्तरांचा उपयोग थोडा. आईनें तीन वर्षांच्या मुलाकडून चिंचोके मोजवून घेतले, याची नोंद कोण ठेवणार? म्हणून या विषयापुरतें आम्हांस अन्य साधनांकडे वळावें लागतें : ग्रंथांतील ओझरते उल्लेख, संतांचे दृष्टांत, आणि घरांत वापरल्या जाणाऱ्या वस्तू व त्यांचीं नांवें.

प्रथम ग्रंथ पाहूं. राजपुत्राचें शिक्षण सांगतांना कौटिल्यानें चौलानंतर लिपि व संख्यान, आणि उपनयनानंतर त्रयी व इतर विद्या, असा क्रम लाविला आहे. रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गांत कालिदासानेंही चौलानंतरच लिपि सांगितली आहे. मात्र तो कवि असल्यामुळें त्याची दृष्टि लिपीच्याही अलीकडे गेली. त्याचा बाळ रघु आधीं दाईचे शब्द उच्चारूं लागतो, तिचें बोट धरून चालतो, नमस्कार करावयास शिकतो. अक्षरें मागाहून येतात. याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीकेंत अपरार्कानें मार्कंडेयपुराणाच्या आधारें विद्यारंभाचा काळ पांचवें वर्ष असा दिला आहे. हा अपरार्क म्हणजे बाराव्या शतकांतील उत्तर कोंकणचा शिलाहार राजा अपरादित्य होय. तेव्हां निदान शास्त्रकारांच्या मतें चार वर्षांच्या मुलाच्या हातीं लेखणी देण्याची घाई नव्हती. मग हीं आरंभींचीं वर्षें रिकामीं होतीं काय? आमचें म्हणणें असें कीं, तीं रिकामीं नव्हतीं. तीं हाताच्या शिक्षणाचीं वर्षें होतीं.

याला पुष्टि देणारा एक उल्लेख तुकोबांच्या अभंगांत आहे. लहानग्यासाठीं पंतोजी आपणच पाटी धरतो, आणि आई मुलाची चाल ओळखून आपली चाल बदलते, असे दोन दृष्टांत त्यांनीं शेजारीं शेजारीं योजिले आहेत. अभंगाचा विषय संतांचें आचरण हा आहे, शिक्षणपद्धति नव्हे. परंतु दृष्टांत हा श्रोत्यांच्या नित्य परिचयाचा असावा लागतो, नाहीं तर तो फुकट जातो. म्हणून सतराव्या शतकांतील सामान्य श्रोत्यास, मुलाला सांगून नव्हे तर करून दाखवून शिकवावें, ही गोष्ट ठाऊक होती, असें मानण्यास हरकत नाहीं. पंतोजी आणि आई हीं दोघें एकाच अभंगांत यावीं, हेंही लक्षांत घेण्याजोगें आहे.

आतां वस्तूंकडे येऊं. त्यांत धूळपाटीचा मान पहिला. लांकडी फळीवर बारीक धूळ किंवा विटेचा भुगा पसरावा, वडील माणसानें त्यांत अक्षर रेखावें, आणि मुलानें त्याच रेषेवरून बोट किंवा काडी फिरवावी. गिरवणें तें हेंच. संस्कृत गणितग्रंथांत अंकगणितास धूलिकर्म ही संज्ञा आढळते, तीही अशाच पाटीमुळें. या साधनाचा विशेष असा कीं, अक्षर आधीं बोटांस कळतें, मग डोळ्यांस; आणि चूक झाली तर तळहाताच्या एका फेऱ्यानें ती नाहींशी होते. कागदावरील चूक मुलास दिवसभर डोळ्यांपुढें दिसत राहते. धुळींतील चुकीची खूणही उरत नाहीं. भिण्याचें कारणच न राहिल्यामुळें मूल पुन्हां पुन्हां गिरवितें.

अक्षराच्याही आधींचें जें शिक्षण, त्यास फळीदेखील लागत नसे. एकीबेकीच्या खेळांत मुठींतले चिंचोके जोडीजोडीनें मांडले कीं सम कोणते व विषम कोणते हें समजे. सागरगोट्यांत एक वर उडवून खालचा एक, मग दोन, मग तीन असे उचलतांना हात, डोळा आणि संख्या यांचा मेळ बसे. आजीजवळ बसून सुपांतले खडे वेंचणें हा पदार्थ ओळखून निराळे करण्याचा पाठ होता. दारापुढील रांगोळीचे ठिपके सारख्या अंतरानें देणें हा रेषेचा व मोजणीचा पाठ होता. भातुकलींत तर सारें घरच लहान होऊन मुलाच्या हातीं येई.

यांपैकीं धान्य मोजण्याच्या मापांविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें अवश्य आहे. दोन चिपट्यांचें मापटें, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हें कोष्टक पुष्कळ भागांत चालत असे. आई दाणे मापीत असतां शेजारीं बसलेलें मूल चिपटें भरून मापट्यांत ओती, आणि दुसऱ्या खेपेस मापटें भरलेलें पाही. निम्मा आणि पाव म्हणजे काय, हें त्याच्या हातांनीं अशा रीतीनें जाणलें. पुढें शाळेंत निमकी, पावकी, पाऊणकी पाठ करण्याची वेळ येई, तेव्हां तोंडानें म्हणावयाचे ते अपूर्णांक त्यानें आधींच हाताळलेले असत. १९५६ च्या कायद्यानें मेट्रिक वजनेंमापें आलीं. व्यवहाराच्या दृष्टीनें तें योग्यच झालें. परंतु घरांतून मापटें गेलें तेव्हां त्याबरोबर एक पाठही गेला, आणि त्याच्या जागीं दुसरा योजावा हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं.

येथें जुन्या काळाची भलावण करण्याचा आमचा हेतु नाहीं. घरांत असें शिकलेल्या मुलींपैकीं फारच थोड्यांना पुढें पाटी मिळाली. अनेक जातींच्या मुलांना पंतोजीच्या ओसरीवर पाऊलही टाकतां येत नसे. आणि शाळेंत गेल्यावर छडी व घोकंपट्टी यांनीं घरचें कोंवळें शिक्षण पुष्कळदां मोडून टाकलें. शिवाय घरच्या या पद्धतीस कोणी पद्धति मानलें नव्हतें. जें शास्त्र म्हणून मांडलें जात नाहीं, तें नव्या गोष्टीपुढें टिकत नाहीं.

नवी गोष्ट युरोपांतून आली. फ्रोबेलनें १८३७ सालीं जर्मनींत बालशिक्षणाची संस्था काढली व १८४० मध्यें तिला किंडरगार्टन हें नांव दिलें. पंडिता रमाबाईंनीं १८८६ नंतर अमेरिकेंत असतां या पद्धतीचा अभ्यास केला. त्यांचें शारदासदन मुंबईंत १८८९ सालीं निघालें. पुढें मारिया मॉन्टेसरी यांचें पहिलें बालगृह रोममध्यें १९०७ सालीं सुरू झालें. त्यांच्या साधनांत खरखरीत कागदाचीं अक्षरें आहेत. मूल त्यांवरून बोट फिरवितें. धूळपाटीशीं याचें साम्य कोणासही दिसेल. एकानें दुसऱ्यापासून घेतलें असें आम्ही म्हणत नाहीं. दोन दूरच्या देशांत मुलाच्या बोटांनीं एकच गोष्ट शिकविली, एवढेंच म्हणतों.

भावनगरच्या दक्षिणामूर्ति संस्थेंत गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं बालमंदिर काढलें. १९२३ मध्यें ताराबाई मोडक तेथें आल्या, आणि १९२६ मध्यें नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. तथापि मॉन्टेसरीची ठराविक साधनें महाग होतीं. १९४५ सालीं ताराबाईंनीं बोर्डी येथें ग्रामबालशिक्षणकेंद्र काढलें. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. खेड्यांतल्या गरीब मुलांपुढें ती महाग पेटी निरुपयोगी आहे हें तेथें दिसून आलें, आणि शिंपले, खडे, बिया, पानें हींच साधनें ठरलीं. मुलें बालवाडींत येत नाहींत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणांत नेली, तीच अंगणवाडी. १९५७ मध्यें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें, आणि गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणशाळा निघाली. अपरादित्यानें राज्य केलें त्याच उत्तर कोंकणांत हें घडलें. २ ऑक्टोबर १९७५ पासूनच्या एकात्मिक बालविकास योजनेनें अंगणवाडी हा शब्द देशभर नेला.

आमच्या मतें ताराबाईंच्या कार्याचें ऐतिहासिक महत्त्व यांतच आहे. घरांत जें अजाण होतें, त्यास त्यांनीं शास्त्राची जाण दिली. आणि शास्त्र जें महाग होतें, त्यास घरचें साधन दिलें. ज्या मुलांना पूर्वीं शाळेचें दार बंद होतें, त्यांच्यापासूनच आरंभ केला, हें तर त्याहून मोठें.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेंही तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मानून खेळावर व कृतीवर भर दिला आहे. परंतु घरोघर दिसतें तें निराळें. तीन वर्षांच्या मुलाच्या मुठींत पेन्सिल कोंबली जाते, आणि चिंचोक्यांच्या जागीं विकत घेतलेला रंगीत संच, नाहीं तर भ्रमणध्वनीची कांच येते. शंभरपर्यंत अंक घडाघडा म्हणणारें मूल सात चिंचोके मोजून हातावर ठेवावयास सांगितलें असतां गोंधळतें, हें आम्हीं शिक्षकपणांत वारंवार पाहिलें आहे. मोजणें तोंडांत राहिलें. हातांत उतरलें नाहीं.

म्हणून वाचकांस एक विनंति करून लेख संपवितों. हें शिक्षण ज्यांच्या हातांत अद्याप आहे, अशा वृद्ध स्त्रिया गांवोगांव आहेत. त्यांचें दप्तर म्हणजे त्यांची स्मृति. खेळाचें नांव, लागणाऱ्या वस्तु, मांडण्याची रीत, मोजतांना म्हणावयाचे शब्द, गांव व तालुका, हीं त्यांना विचारून टिपून ठेवावीं. आणि टिपतांना घरांतील लहान मूल शेजारीं बसवावें. ताम्रपट शेतांत पुरलेला असला तरी शंभर वर्षांनीं सांपडूं शकतो. हें साधन तसें सांपडणारें नाहीं.