दुभंगलेला ओठ व टाळू : बाळाचे संगोपन (कागल, जि. कोल्हापूर)

गर्भाच्या चेहऱ्याचे दोन्ही बाजूंनी वाढत येणारे भाग चौथ्या ते बाराव्या आठवड्यांच्या दरम्यान एकमेकांस सांधले गेले नाहीत, तर वरच्या ओठात, हिरडीत किंवा तोंडाच्या छतात फट राहते. या जन्मजात व्यंगास दुभंगलेला ओठ व टाळू म्हणतात. जगात सुमारे ७०० जन्मांमागे एका बाळात ते आढळते. आनुवंशिकता, अपस्मारावरील काही औषधे, गरोदरपणातील धूम्रपान यांचा त्याच्याशी संबंध दिसून आला असला, तरी एखाद्या विशिष्ट बाळाच्या बाबतीत नेमके कारण बहुधा सांगता येत नाही. गरोदर स्त्रीने ग्रहण पाळले नाही, त्या वेळी काही चिरले, म्हणून बाळाचा ओठ फाटला, ही महाराष्ट्रात रुजलेली समजूत मात्र सर्व दोष आईच्या माथी मारते. वास्तविक ओठ जुळण्याची क्रिया सातव्या आठवड्याच्या सुमारास आटोपते, म्हणजे पुष्कळदा दिवस गेल्याची खात्री होते न होते तोच. त्यामुळे पुढच्या महिन्यांत आलेल्या ग्रहणाला करण्यासारखे काही उरलेलेच नसते.

‘टाळू’ या शब्दानेही घोटाळा होतो. घरगुती मराठीत टाळू म्हणजे तान्ह्या बाळाच्या डोक्यावरचा, तेल घालून भरला जाणारा मऊ भाग. तोंडाच्या छताला बोलताना ‘टाळा’ म्हणतात. त्यामुळे ‘टाळूला फट आहे’ असे ऐकल्यावर आजीचा हात बाळाच्या डोक्याकडे गेला, तर त्यात नवल नाही, आणि आरोग्यसेविकेने बाळाचे तोंड उघडून फट दाखवणे हेच अधिक सोयीचे ठरते.

पहिल्या काही महिन्यांतील खरे काम दूध पाजण्याचे असते. फक्त ओठ दुभंगलेले बाळ बहुधा अंगावर पिऊ शकते. परंतु टाळू दुभंगलेली असल्यास तोंडाची पोकळी नाकापासून बंद होत नाही, चोखण्यासाठी लागणारी ओढ निर्माण होत नाही, आणि बाळ तासभर छातीशी राहूनही उपाशीच असते. अशा वेळी आईने दूध पिळून काढून ते वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, म्हणजे लांब चोच असलेल्या छोट्या भांड्याने, घोट-घोट पाजावे लागते. बाळाला आडवे न निजवता डोके उंच धरणे, मधूनमधून ढेकर काढणे आणि एक वेळचे पाजणे अर्ध्या तासाच्या आत उरकणे आवश्यक असते, कारण त्यापुढे बाळ दमते व मिळवलेली ताकद पिण्यातच खर्च होते. नाकातून थोडे दूध येणे अपेक्षितच असते. वारंवार ठसका लागणे, बाळ निळे पडणे किंवा वजन न वाढणे ही मात्र डॉक्टरांकडे तातडीने नेण्याची लक्षणे होत. वजनाला महत्त्व येते ते यामुळे की, वय १० आठवडे, वजन १० पौंड (सुमारे साडेचार किलो) आणि हिमोग्लोबिन १० ग्रॅम हा ओठाच्या शस्त्रक्रियेसाठीचा शल्यचिकित्सकांचा जुना ठोकताळा आजही मार्गदर्शक मानला जातो.

ओठ साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात व टाळू नवव्या ते अठराव्या महिन्यात, बोलणे रुळण्यापूर्वी, शिवली जाते. ओठ शिवल्यावर चेहरा सावरतो, पाहुणेरावळे विचारायचे थांबतात, आणि नेमक्या याच समाधानात दुसरी, न दिसणारी शस्त्रक्रिया लांबणीवर पडण्याचा धोका असतो. ती उशिरा झाली तर मूल गेंगाणे बोलू लागते : प, ट, क यांसारख्या व्यंजनांसाठी तोंडात कोंडावी लागणारी हवा नाकावाटे निसटते. टाळूचे स्नायू कानाची नळीही उघडतात. म्हणून मध्यकर्णात पाणी साठून कमी ऐकू येण्याचा संभव राहतो व श्रवणचाचणी करून घ्यावी लागते. पुढे वाणीचे उपचार चालतात, आणि हिरडीत फट असल्यास कायमचा सुळा येण्यापूर्वी तेथे हाड भरले जाते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, पालघर येथे सुरू झाला. त्याच्या तपासणीत या व्यंगाचा समावेश असून नवजात बाळाला घरी जाऊन पाहण्याचे काम आशा कार्यकर्तीकडे, तर अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासण्याचे काम फिरत्या पथकाकडे आहे. कागलच्या पालकांना ग्रामीण रुग्णालयानंतर सुमारे २० किलोमीटरवरील कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय जवळ पडते. १९९९ मध्ये स्थापन झालेली ‘स्माइल ट्रेन’ ही संस्था भारतातील सहयोगी रुग्णालयांतून या शस्त्रक्रिया मोफत करवून घेते. तिच्या कामावरील ‘स्माइल पिंकी’ या माहितीपटास २००९ मध्ये ऑस्कर मिळाले.

कागल हा साखर कारखान्यांचा तालुका असल्याने ऊसतोडणीच्या हंगामात दूरच्या जिल्ह्यांतून कुटुंबे येथे येतात व हंगाम संपताच परततात. अशा कुटुंबातील बाळाचा ओठ एका जिल्ह्यात शिवला गेला आणि टाळूची वेळ दुसऱ्या जिल्ह्यात आली, तर पुढच्या शस्त्रक्रियेचा महिना लिहिलेला कागद लसीकरणाच्या कार्डासोबत आईच्या पिशवीतच असावा लागतो.