टवाळी भिंतीवर चढते

मे 1791 मध्ये इंग्रजांचा सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिस टिपूच्या श्रीरंगपट्टणच्या वेशीपर्यंत जाऊन रिकाम्या हाताने परतला. पाऊस लागलेला, बैल मेलेले, धान्य संपलेले. वेढ्यासाठी ओढत आणलेल्या जड तोफा त्याला आपल्याच माणसांकरवी निकाम्या कराव्या लागल्या. वाटेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा भेटल्या, म्हणून निभावले. मराठ्यांच्या लष्करी बाजारातल्या धान्यावर इंग्रजांची पोटे भरली (चढ्या भावाने, हे ओघाने आलेच). बातमी जहाजातून लंडनला पोचेतो वर्ष सरत आले होते. पोचली, तशी हॅना हम्फ्रीबाईंच्या छापचित्रांच्या दुकानातून एक चित्र बाहेर पडले. त्यात किल्ल्यावर उभा राहिलेला टिपू खाली पळत्या कॉर्नवॉलिसवर चक्क लघवी करतो आहे आणि मथळा सांगतो की मान्सून आला! चित्रकार होता जेम्स गिलरे.

आज असली चित्रे चौकटीत घालून हौसेने घरात लावतात. पण ती छापली गेली तेव्हा त्यांची जागा भिंतीवर नव्हतीच.

भिंतीचा मान आधी मिळाला तो विल्यम होगार्थच्या चित्रांना. 1732 मध्ये त्याची एक चित्रमालिका इतकी खपली की नकलाकारांनी त्याला लुटले. त्याने संसदेकडे धाव घेतली आणि 1735 मध्ये कायदा झाला. या कायद्याने छापचित्राला 14 वर्षांचे संरक्षण दिले, पण छपाईच्या पत्र्यावर प्रकाशनाची तारीख आणि मालकाचे नाव कोरण्याची अट घातली. या अटीचे आपल्यावर उपकार आहेत. त्या काळातले बहुतेक इंग्रजी व्यंगचित्र आपली जन्मतारीख पायाशी घेऊन येते. होगार्थच्या चित्रांत बोध असे, म्हणून ती काचेमागे घालून चारचौघांत टांगता येत. अशा मालाला व्यापारात नावही होते, ‘फर्निचर प्रिंट’. म्हणजे खुर्ची-मेजाच्या जोडीने घ्यायची चित्रे.

गिलरेच्या पिढीचा माल वेगळा. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने रेघा ओढायच्या, तेजाबात पत्रा बुडवला की उघड्या पडलेल्या रेघा खाल्ल्या जातात. मग शाई भरून ओलसर कागदावर ठसा घ्यायचा आणि रंगारी बसवून हाताने रंगवून घ्यायचे. परवा संसदेत झालेले भांडण आठवड्याच्या आत दुकानाच्या काचेत दिसे. बिनरंगी छाप शिलिंग-दीड शिलिंगाला, रंगीत त्याच्या दुपटीच्या आसपास. मजुराला ती परवडत नसे. तो फुटपाथवर उभा राहून काचेतच पाहून घेई. विकत घेणारे साहेब ती चामडी पुठ्ठ्यात ठेवत आणि जेवण झाल्यावर पाहुण्यांत फिरवत. पिकॅडिलीतला फोर्स नावाचा दुकानदार तर एका संध्याकाळपुरते अख्खे बाड भाड्याने देई.

भिंतीपर्यंतचा प्रवास आडवाटेने झाला. आधी घडीच्या पडद्यांवर चित्रे चिकटवायची हौस आली. मग बिलियर्डची खोली, कपडे बदलायची खोली. म्हणजे जिथे पुरुषमंडळी सैल बसत तिथे. दिवाणखान्यात नाही, हे ध्यानात घ्यावे. या गिऱ्हाइकाची नाडी ॲकरमन या प्रकाशकाने बरोबर ओळखली. 1799 पासून त्याने वुडवर्ड आणि रोलंडसन या चित्रकारांकडून विचित्र माणसांच्या रांगा काढून घेऊन खोल्यांसाठी आणि पडद्यांसाठी किनारपट्ट्या म्हणून विकल्या. डर्बीशायरमधल्या काल्क ॲबी या वाड्यात एका खोलीच्या भिंतींवर व्यंगचित्रे थेट डकवलेली आहेत, चौकट नाही, काच नाही. मला ही खोली होगार्थच्या काळ्या चौकटींपेक्षा जास्त प्रामाणिक वाटते.

ज्यांची टर उडवली तेही गिऱ्हाईकच होते, ही यातली खरी गंमत. 1792 मध्ये गिलरेने इंग्लंडच्या युवराजाला पोट सुटलेला, काट्याने दात कोरणारा खादाड म्हणून दाखवले. हाच युवराज व्यंगचित्रे बाडांनी विकत घेत असे! पुढे राजा झाल्यावर 1820 मध्ये त्याच्या बाजूने व्यंगचित्रकार जॉर्ज क्रुकशँकला 100 पौंड मिळाले, महाराजांना अनीतीच्या प्रसंगात रंगवणार नाही या कबुलीपोटी. विंडसरच्या वाड्यातला हा चित्रसंग्रह 1921 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे गेला. तो बाडात मिटून राहिला म्हणून त्याचे रंग टिकले. भिंतीवरची भावंडे उजेडाने पिवळी पडली.

सगळेच मात्र इतक्या खेळकरपणे घेत नसत. 1783 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीवर लगाम घालणारे विधेयक मंत्री चार्ल्स फॉक्सने आणले, तेव्हा व्यंगचित्रकार जेम्स सेयर्सने त्याला ‘कार्लो खान’ बनवून हत्तीवर बसवले. हत्तीला तोंड त्याचा राजकीय जोडीदार लॉर्ड नॉर्थ याचे. संसदेतल्या भाषणांपेक्षा या चित्रांनी आपले जास्त नुकसान केले, असे फॉक्स म्हणाल्याचे सांगतात.

1843 मध्ये ‘पंच’ साप्ताहिकाने संसदभवनातल्या भित्तिचित्रांच्या कच्च्या आराखड्यांची थट्टा करताना त्या आराखड्यांचेच नाव उचलले आणि ‘कार्टून’ हा शब्द व्यंगचित्राला चिकटला. भिंतीसाठीच्या आराखड्याचे नाव भिंतीची टवाळी करणाऱ्याला! 1869 पासून ‘व्हॅनिटी फेअर’ साप्ताहिकाने ‘एप’ आणि पुढे ‘स्पाय’ या टोपणनावांच्या चित्रकारांची रंगीत शिलामुद्रिते देणे सुरू केले. मंत्री, न्यायाधीश, सगळे किंचित लांब नाकाचे, पण रुबाबदार. त्यात आपले चित्र येणे प्रतिष्ठेचे झाले आणि वकिलांनी ती कचेरीत टांगली. दात काढलेला साप कोणीही गळ्यात घालतो.

गिलरेचे मूळ पत्रे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हेन्री बोन या प्रकाशकाच्या हाती लागले. त्याने त्यांचे जाडजूड पुस्तक काढले, बिनरंगी. असभ्य चित्रांचा खंड वेगळा. काटकसरीसाठी कागदाच्या दोन्ही बाजूंना छपाई केली. पुढे विक्रेत्यांनी पुस्तके उसवली आणि सुटी पाने चौकटीसाठी विकली. त्यामुळे अशी चौकट हाती आली तर मागचा पुठ्ठा काढून बघावा. एक चित्र खोलीकडे तोंड करून असते आणि दुसरे कित्येक वर्षे भिंतीकडे.