लाल दिव्याची गाडी

मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून उतरले. आमच्या गाडीचा अजून शाबूत आहे. तो टपावर नाही, डॅशबोर्डावर आहे. शिवाय तो काम करतो.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. माहेर इटलीचं, फियाट ११००. कुर्ल्यात नांदायला आली आणि १९७४ साली सासरचं नाव लावून मोकळी झाली. तिच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी बहिणी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतून निवृत्त झाल्या. आमची मात्र भाच्याच्या तावडीत सापडली.

"मामा, हे दिवे आहेत की देवापुढच्या समया? एलईडी टाकून देतो!"

आता एलईडी ही काही कालची चीज नाही. निक होलोन्याक यांनी लाल एलईडी पेटवला तो १९६२ साली, म्हणजे पद्मिनीच्या बारशाआधी बारा वर्षं. खाणं चिमणीएवढं, २० मिलिअँपिअर. दोनेक व्होल्टवर भागतं, म्हणून १२ व्होल्टच्या गाडीत त्याच्या वाटेत सहाशेक ओहमचा रेझिस्टर आडवा घालावा लागतो. शिवाय स्वारी एकमार्गी. वायर उलटी जोडली की रुसून बसते. बल्बाला बिचाऱ्याला उलटसुलट काही नसतं.

तेलाचा दिवा झाला, इंडिकेटरचा झाला. चार्जिंगच्या लाल दिव्यापाशी मी म्हटलं, "हा राहू दे रे."

हा दिवा डायनामोच्या जमान्यातला. एका बाजूला बॅटरी, दुसऱ्या बाजूला डायनामो, मधे हा. इंजिन सुरू होऊन दोघांचे व्होल्ट सारखे झाले की याच्यातून वीज वाहत नाही आणि तो विझतो. भांडणारे बरोबरीला आले की मध्यस्थानं उठून जावं, तसं! पुढे आल्टरनेटर आले. (आमच्या गाडीलाही मागाहून बसवलाय.) त्याला जागं व्हायला आधी थोडं चुंबकत्व लागतं आणि त्यापुरती वीज बऱ्याच गाड्यांत याच बल्बातून जाते. सव्वादोन वॉटचा बल्ब १८० मिलिअँपिअर सोडतो, एलईडी २०. एवढ्याशा चहावर आल्टरनेटर कसला उठतोय?

भाच्यानं ऐकलं नाही. एलईडी लागला तो लागलाच. गाडी खूप रेस केली तेव्हा कुठे विझला. मग त्यानंच तोड काढली: एलईडीला समांतर ६८ ओहमचा, ५ वॉटचा रेझिस्टर. म्हणजे बल्बाएवढीच वीज खायची, बल्बाएवढंच तापायचं, फक्त उजेड पाडायचा नाही. मी जुना बल्ब परत बसवायला लावला.

अप्परच्या निळ्या दिव्याला मात्र मी हरकत घेतली नाही. निळ्या एलईडीच्या जनकांना २०१४ चं नोबेल मिळालंय. एवढा मान घरी येतोय तर नको कशाला म्हणा? पण रात्री तो डोळ्यांत असा घुसायला लागला, की सौ.नं त्यावर आपली टिकली चिकटवली.