मूळ पुरुषाचे सर्व वंशज : संगणकाला पडलेल्या एका कोड्याचा इतिहास

कोणत्याही घराण्याची वंशावळ समोर ठेवून 'या मूळ पुरुषाचे सर्व वंशज कोणते?' असा प्रश्न केला, तर शाळकरी मुलासही कागदावर बोट फिरवीत त्याचे उत्तर देता येईल. पित्याकडून पुत्राकडे, पुत्राकडून नातवाकडे, असे शाखा संपेपर्यंत खाली उतरावयाचे, एवढेच त्यात करावे लागते. परंतु हाच प्रश्न संगणकातील माहितीच्या कोष्टकांस सरळ विचारता यावा, यासाठी शास्त्रज्ञांची सुमारे तीस वर्षे खर्ची पडली.

या प्रश्नाचा उगम मात्र वंशावळीत नसून कारखान्यात आहे. एका मोठ्या यंत्रात अनेक जोडण्या असतात, प्रत्येक जोडणीत पोटजोडण्या, आणि अगदी तळाशी खिळे व मळसूत्रे. यंत्र बांधावयाचे तर यांतील प्रत्येक भाग किती लागेल हे आधी कळावयास हवे. यादीतील एक पायरी जरी सुटली, तरी काम अडून राहते. अमेरिकेने चंद्रावर मनुष्य पाठविण्याची अपोलो मोहीम हाती घेतली, तेव्हा अशा लाखो सुट्या भागांचा हिशेब ठेवण्याची वेळ आली. त्या गरजेतून आयबीएम कंपनीने रॉकवेल व कॅटरपिलर यांच्या सहकार्याने आयएमएस नावाची व्यवस्था सिद्ध केली व ती १९६८ साली कार्यान्वित झाली. तिच्यात प्रत्येक नोंद आपल्या वरच्या नोंदीखाली बांधलेली असे. त्यामुळे वरून खाली उतरणे सुलभ होते. परंतु माहितीची रचना बदलली, की त्या वाटेने चालणारे कार्यक्रमही बदलावे लागत.

हे बंधन तोडण्याचे श्रेय एडगर कॉड यांचे आहे. इंग्लंडात जन्मलेले व दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानदलात सेवा केलेले हे गणितज्ञ पुढे आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करीत. १९७० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी असे प्रतिपादिले की, सर्व माहिती साध्या कोष्टकांच्या रूपाने मांडावी आणि विचारणाऱ्याने केवळ काय हवे ते सांगावे. तेथवर पोहोचण्याची वाट शोधणे हे यंत्राचे काम होय. विशेष हे की, कोणता भाग कोणत्या भागात व किती संख्येने बसतो, हे दर्शविणारे कोष्टकही त्याच निबंधात उदाहरणादाखल दिलेले आहे. म्हणजे कारखान्याचा प्रश्न कॉड यांच्या दृष्टीआड नव्हता. पण वाटा पुसून टाकल्यावर त्या कोष्टकातून तळापर्यंत उतरावयाचे कसे, हे कोडे शिल्लक राहिले.

ही अडचण पेशव्यांच्या वंशावळीवरून स्पष्ट होईल. समजा, एका कोष्टकात 'पुत्र' व 'पिता' असे दोनच रकाने आहेत. बाळाजी विश्वनाथांचे पुत्र विचारले, तर कोष्टक एकदा पाहून पहिले बाजीराव व चिमाजीअप्पा ही नावे मिळतात. नातू हवे असतील, तर तेच कोष्टक स्वतःशीच जोडून पुन्हा पाहावे लागते. तेव्हा नानासाहेब, रघुनाथराव व सदाशिवरावभाऊ हाती लागतात. पणतू हवे असतील, तर तिसऱ्यांदा. मात्र 'सर्व वंशज' असे म्हटले, की किती वेळा जोडावयाचे हे आधी सांगता येत नाही, कारण पिढ्या किती हे ठाऊक नसते. ही उणीव केवळ सोयीची नव्हती. कॉड यांनी योजिलेल्या मूळ क्रियांनी हा प्रश्न मांडताच येत नाही, हे १९७९ साली आल्फ्रेड आहो व जेफ्री उलमन यांनी सिद्ध केले. आणि नवे काही मिळेनासे होईपर्यंत तीच क्रिया पुन्हा पुन्हा करण्याची सोय भाषेस जोडावी, असा उपायही सुचविला.

तो उपाय सर्वमान्य होईपर्यंत व्यवहार थांबणे शक्य नव्हते. ओरॅकल कंपनीने १९८० च्या सुमारास आपल्या भाषेत 'कनेक्ट बाय' ही खास शब्दयोजना आणली. पुढे १९९० नंतरच्या दशकात जो सेल्को यांनी एक वेगळी युक्ती लोकप्रिय केली. वृक्षाभोवती प्रदक्षिणा घालीत प्रत्येक नावास जाताना एक व परतताना एक असे दोन क्रमांक द्यावयाचे. पेशव्यांच्या घराण्यातील अकरा प्रमुख पुरुष घेतले, तर नानासाहेबांस ३ व १२ हे क्रमांक येतात; ज्यांचे क्रमांक त्यांच्या दरम्यान पडतात ते विश्वासराव, माधवराव, नारायणराव व सवाई माधवराव हे चौघे त्यांचे वंशज. उत्तर तात्काळ मिळते खरे. परंतु एक नवे नाव घालावयाचे झाले, तर पुढचे सारे क्रमांक बदलावे लागतात. जुनेच बंधन येथे नव्या रूपाने परत आले.

अखेर एसक्यूएल या भाषेच्या १९९९ सालच्या प्रमाणग्रंथात 'विथ रिकर्सिव्ह' ही रचना समाविष्ट झाली. तिचे दोन भाग असतात. पहिला मूळ पुरुष सांगतो. दुसरा नुकत्याच मिळालेल्या नावांचे पुत्र शोधतो, आणि एकही नवे नाव मिळेनासे झाले म्हणजे शोध थांबतो. नोंदीतील चुकीने एखादा स्वतःचाच पूर्वज ठरला, तर हा फेरा संपणार नाही. म्हणून एकदा आलेले नाव पुन्हा न घेण्याची दक्षता बाळगावी लागते. पोस्टग्रेसने ही सोय २००९ साली, एसक्यूलाइटने २०१४ साली, तर मायएसक्यूएलने २०१८ साली स्वीकारली.

कॉड २००३ साली निवर्तले. त्यांच्या निबंधातील ते भागांचे कोष्टक आजही जसेच्या तसे उपयोगी पडते. त्यात एक रकानाही वाढवावा लागलेला नाही. ज्यांनी नोंदींची मांडणी बदलून उत्तर मिळविले, त्यांस प्रत्येक बदलाचे मोल द्यावे लागले. नोंद साधी ठेवून प्रश्न विचारण्याची भाषा समर्थ करणे, हाच मार्ग टिकाऊ ठरला.