डँडींना दिसलेली रक्तवाहिनी

दात घासताना, वाऱ्याची झुळूक लागली की, किंवा नुसता घास चावताना गालात वीज चमकावी तशी कळ येते. काही सेकंदांत जाते, पुन्हा येते. हा ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. कित्येक रुग्ण आधी दातांच्या डॉक्टरकडे जातात आणि चांगले दात काढून बसतात.

एक गोंधळ आधीच निस्तरू. चेहऱ्याचे स्नायू हलवते ती सातवी नस. चेहऱ्याची संवेदना नेते ती पाचवी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा फरक ठाऊक नसल्याने सर्जन चक्क सातवी कापायचे. दुखणं तसंच, वर तोंड वाकडं! १८२१ पासून चार्ल्स बेल यांच्या कामामुळे दोघींची कामं वेगळी कळू लागली.

मग योग्य नस सापडली, पण उपाय तोच: कापा. १९०१ मध्ये फिलाडेल्फियात स्पिलर आणि फ्रेझियर यांच्या पद्धतीने नसेचं मूळच कापलं गेलं. कळ थांबायची, चेहरा मात्र बधिर व्हायचा.

बाल्टिमोरचे वॉल्टर डँडी कानामागून आत शिरत. त्यामुळे नस मेंदूतून निघते नेमकी ती जागा त्यांना दिसे, आणि तिथे पुष्कळदा एखादी धमनी नसेला दाबत असे. १९३४ मध्ये त्यांनी २१५ रुग्णांच्या शस्त्रक्रियांवरून हेच दुखण्याचं कारण असावं, असं लिहिलं. मला इथेच अडकायला होतं: कारण सांगणारा हा माणूस स्वतः नस कापतच राहिला. आणि बाजूने, कानशिलाकडून जाणाऱ्या बाकीच्या सर्जनना ती जागा दिसतच नव्हती. मग पटणार कसं?

१९५९ मध्ये क्लीव्हलँडच्या गार्डनर यांनी नसेवरचा दाब काढून पाहिला. पण चित्र पालटलं मायक्रोस्कोपने. १९६६ च्या सुमारास लॉस एंजेलिसला शिकाऊ सर्जन असलेले पीटर जॅनेटा दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी ही नस मायक्रोस्कोपखाली सोडवत होते. तीच नजर घेऊन ते शस्त्रक्रियेत उतरले आणि धमनीचा दाब त्यांना स्पष्ट दिसला. १९६७ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. नस न कापता धमनी बाजूला सारायची, मध्ये छोटी गादी ठेवायची (आता बहुधा टेफ्लॉनची). तरीही बरीच वर्षं अनेकांनी मान्य केलं नाही. १९९६ मध्ये त्यांच्या गटाने ११८५ रुग्णांचा अहवाल दिला: दहा वर्षांनंतरही ७० टक्क्यांचा निकाल उत्तम होता.

पण थांबा, एमआरआयमध्ये नसेला धमनी टेकलेली दिसते आणि तरी दुखत नाही, अशीही माणसं आहेत. उलट, धमनी कुठेच टेकलेली नसून कळा येणारे रुग्णही आहेत. म्हणजे डँडींचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही.